दोन पुरवठादार, एक टाकी

सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडून पुढील महिन्याचे शेड्यूल आले, तेव्हा त्यातील आमच्या तीन पार्टांपैकी दोहोंसमोर शून्य होते. भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी यंत्रे) आणि वीस-बावीस माणसे एवढ्यावर आम्ही पोलादी बुश आणि स्पेसर, म्हणजे जोडणीत बसणारी लहान नळकांडी व कड्या, तासतो, त्यांवर बाहेरून झिंक प्लेटिंग (टाकीत बुडवून विजेने जस्ताचा मुलामा) करून घेतो आणि चाकणच्या एका मोठ्या पुरवठादाराला देतो. तो पुरवठादार त्याची जोडणी करून वाहन कंपनीला देतो. आमच्या बुशला ना तार असते ना चिप, त्यामुळे कित्येक महिने वर्तमानपत्रात येणारी चिपटंचाईची बातमी मी दुसऱ्याच्या घरची समजून वाचत होतो. त्या महिन्यापुरते मारुती सुझुकीने हरियाणा आणि गुजरातमधील उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर राहील असे जाहीर केले, महिंद्रानेही सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवत असल्याचे कळवले, आणि गाडीच उभी राहणार नसेल तर तिच्यातील बुशला कोण विचारणार, हे साधे गणित मला शेड्यूलवरच्या शून्याने समजावले.

त्या टंचाईची कुळकथा नंतर मी बारकाईने वाचली. २०२० च्या टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या आणि कारखान्यांनी ती क्षमता लॅपटॉप व फोनवाल्यांना दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस गाड्यांची मागणी परतली, तेव्हा वाहन कंपन्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. चिप तयार व्हायला तीन-चार महिने लागतात. शिवाय गाडीतल्या बहुतेक चिप जुन्या तंत्रज्ञानाच्या आणि कमी नफ्याच्या असल्यामुळे त्यांच्यासाठी नवा कारखाना उभारण्याची कोणाला घाई नव्हती. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडून ऑस्टिनमधील चिपचे कारखाने बंद पडले, १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली आणि पावसाळ्यात मलेशियातील टाळेबंदीमुळे चिपचे पॅकेजिंग अडले. यातील एक तपशील माझ्या डोक्यात घर करून राहिला. नाका येथील आग प्लेटिंगच्या यंत्रात जादा विद्युतप्रवाह गेल्याने लागली होती. चिपच्या कारखान्यातील प्लेटिंग आणि आमच्या गल्लीतील झिंकची टाकी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. तरीही प्लेटिंग हा शब्द वाचून मी थबकलो, आणि त्याचे कारण पुढे येईल.

त्या वर्षी टोयोटाचे पुष्कळ कौतुक झाले. २०११ च्या भूकंपात हाच नाका येथील कारखाना कोलमडला होता, आणि त्यातून धडा घेऊन टोयोटाने आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा चिपसाठा ठेवायला लावला होता. त्यामुळे २०२१ च्या पहिल्या सहामाहीत इतर कंपन्या धापा टाकत असताना टोयोटाच्या लाइन चालू राहिल्या. (सप्टेंबरमध्ये मात्र टोयोटालाही जगभरातील उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटवावे लागले, साठा म्हणजे मुदतवाढ असते, माफी नव्हे.) ही गोष्ट व्याख्यानांतून सांगणारे एक वाक्य बहुधा गाळतात. साठा ठेवायचा तो पुरवठादाराने. गरजेपुरताच आणि गरजेच्या वेळीच माल मागवण्याची पद्धत आमच्या ग्राहकांनीही उचलली आहे, परंतु गाळ्यातून पाहिले तर तिचा अर्थ वेगळा दिसतो. ग्राहकाच्या गोदामात दोन तासांचा माल असतो, कारण उरलेल्या दहा दिवसांचा माल माझ्या रॅकवर, माझ्या सीसी लिमिटच्या (बँकेच्या खेळत्या कर्जाच्या) व्याजावर पडून असतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा नियम २००६ च्या कायद्यात आहे. त्या नियमाची आठवण ग्राहकाच्या पर्चेस विभागाला किती वेळा करून द्यायची, हे प्रत्येक लहान कारखानदार आपापल्या हिमतीप्रमाणे ठरवतो. साखळीतील जोखीम कार्यक्षमतेने नाहीशी होते असे मला वाटत नाही. ती खाली सरकवली जाते, आणि सरकत सरकत ज्याच्याजवळ पुढे ढकलायला कोणी उरत नाही त्याच्यापाशी येऊन थांबते. आमच्या बाबतीत ती आमच्यापाशीही थांबली नाही. २०२१ मध्ये शेड्यूल आटले त्या दोन महिन्यांत ओव्हरटाइम पूर्ण बंद झाला आणि ज्यांच्या घरभाड्याचे गणितच ओव्हरटाइमवर बसवलेले होते, त्या ऑपरेटरांपैकी दोघे गावी निघून गेले.

यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला ज्या प्रसंगाविषयी वाचताना खरोखर रोमांच यावा असा प्रसंग मात्र याच्या बराच आधीचा आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी, शनिवारी पहाटे, जपानमधील कारिया येथील आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तेथे ब्रेकमधील पी-व्हॉल्व्ह नावाचा एक पार्ट बनत असे. ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांकडे जाणारा दाब मर्यादेत ठेवणारा हा पार्ट मुठीत मावेल एवढा आणि किमतीने किरकोळ, पण त्यातील तिरकी व अचूक छिद्रे पाडायला खास यंत्रे आणि खास ड्रिल लागत. टोयोटाच्या गाड्यांसाठी हे व्हॉल्व्ह जवळजवळ सर्वच्या सर्व त्या एका कारखान्यातून येत, आणि टोयोटाकडे साठा होता अगदी थोडा. मंगळवार-बुधवारपर्यंत टोयोटाच्या जपानमधील बहुतेक सर्व लाइन थांबल्या. त्यानंतर जे घडले ते विलक्षण होते. आयसिनने आपली ड्रॉइंगे मागेल त्याला दिली आणि सुमारे २०० कंपन्या या ना त्या प्रकारे कामाला लागल्या. ज्यांनी आयुष्यात व्हॉल्व्ह पाहिला नव्हता त्यांनी साध्या मिलिंग मशिनवर एकेक छिद्र पाडून व्हॉल्व्ह तयार केले, आणि त्यांत शिलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रदर ही कंपनीही होती. आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

या गोष्टीतून एकजुटीचा धडा काढण्याची पद्धत आहे. माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. एकच पुरवठादार ठेवण्याचा निर्णय टोयोटाने गाफीलपणे घेतलेला नव्हता. आयसिनचा माल चांगला आणि स्वस्त होता, त्यामुळे दुसरा पुरवठादार ठेवणे हा वर्षानुवर्षे उगाच खर्च वाटत राहिला. आपणही याच कारणाने एकाच बँकेत खाते ठेवतो आणि हिशेबाचे सगळे काम एकाच संगणकावर करतो. चालू असलेल्या गोष्टीला पर्याय शोधणारा माणूस नेहमी थोडा वेडगळ दिसतो.

२०२२ मध्ये टोयोटा पुन्हा थांबली, आणि या वेळी आगीशिवाय. कोजिमा इंडस्ट्रीज ही गाडीच्या आतील प्लास्टिकचे व इतर लहान भाग बनवणारी पुरवठादार कंपनी. फेब्रुवारीच्या अखेरीस तिच्या संगणकांत खंडणीखोर व्हायरस शिरला, आणि तोही थेट नव्हे, तर तिच्या एका उपकंपनीने दूरवरून जोडणीसाठी वापरलेल्या उपकरणातून. १ मार्चला टोयोटाने जपानमधील १४ कारखान्यांच्या २८ लाइन दिवसभर बंद ठेवल्या आणि सुमारे १३,००० गाड्यांचे उत्पादन हुकले. कोजिमाची यंत्रे जळाली नव्हती आणि साचे शाबूत होते. परंतु कोणता भाग, किती आणि केव्हा पाठवायचा हे सांगणारी संगणक व्यवस्थाच मुकी झाली होती. माल आहे पण तो कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही, ही अवस्था बातमीत वाचताना जरा अतिशयोक्तीची वाटते. पुढच्याच वर्षी ती माझ्या गाळ्यात अवतरली.

२०२३ च्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी आमच्या हिशेबाच्या मॅडमनी संगणक सुरू केला, तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट लागलेले होते आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी होती. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देखभाल एक स्थानिक विक्रेता दूरवरून करत असे. त्यासाठी त्याने आमच्या संगणकात एक दार कायमचे उघडे ठेवले होते, आणि त्या दाराचा पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे सारखाच होता, हे आम्हाला मागाहून समजले. बॅकअप नव्हता असे नाही. तो ज्या बाहेरच्या डिस्कवर होता ती डिस्क सोयीसाठी संगणकाला चोवीस तास जोडलेली असे, त्यामुळे तीही त्याच रात्री कुलूपबंद झाली. अशी घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावी लागते, हा एप्रिल २०२२ चा आदेशही मला तेव्हाच पहिल्यांदा समजला, अर्थात सहा तास उलटून गेल्यानंतर. खंडणी आम्ही दिली नाही. त्यात शौर्य काहीच नव्हते. रक्कम डॉलरमध्ये होती आणि ती दिल्यावर किल्ली मिळेलच याची खात्री कोणी देईना.

पुढचे तीन आठवडे आम्ही कारखान्याची स्मृती तुकड्यातुकड्यांनी गोळा केली. विक्रीची बिले जीएसटी पोर्टलवरून उतरवली आणि खरेदीची पोर्टलवरील पुरवठादारांच्या नोंदींवरून जुळवली. ज्या सरकारी व्यवस्थेला आम्ही दर महिन्याच्या वीस तारखेला लाखोली वाहतो तीच आमची एकमेव शाबूत वही निघाली, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. चालू पार्टांचे प्रोग्रॅम यंत्रांच्या कंट्रोलरमध्ये होते, म्हणून ते वाचले. जुन्या पार्टांचे ऑफसेट (यंत्राला द्यायची मापे) आणि टूलचे क्रम आमच्या वयोवृद्ध सेटरच्या, म्हणजे यंत्र जुळवणाऱ्याच्या, तेलकट डायरीत होते. दोन वर्षांपूर्वी ही डायरी संगणकात उतरवून फेकून द्यावी असा आग्रह मी त्यांच्याकडे धरला होता. ‘बघू, साहेब,’ असे म्हणून त्यांनी ती आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवून दिली होती.

एकच गोष्ट कोठूनही जुळेना. जॉबवर्कला, म्हणजे बाहेर प्रक्रियेला, गेलेल्या मालाची चलने (माल पाठवल्याच्या पावत्या) फक्त त्या संगणकात होती. उष्णता प्रक्रियेला किती नग गेले, प्लेटिंगला किती, त्यांतले परत किती आले आणि नापास किती झाले, याचा पत्ता नव्हता, आणि ग्राहकाचे शेड्यूल तर रोजचे होते. अखेर मी स्वतः प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये नग मोजायला गेलो. त्याच्या कारकुनाकडे लाल कापडी बांधणीची वही होती, तीत आमच्या प्रत्येक क्रेटची आवक-जावक तारखेनिशी होती, आणि अर्ध्या तासात आमचा हिशेब लागला. निघताना कोपऱ्यात आणखी बारा क्रेट दिसले. त्यांवर आमचेच टॅग होते, पण ते क्रेट मी या माणसाकडे पाठवलेले नव्हते. ते आमच्या दुसऱ्या प्लेटिंगवाल्याचे होते.

‘त्यांची टाकी चार महिने बंद आहे,’ शेठनी शांतपणे सांगितले. ‘सांडपाण्याच्या परवान्याचं काहीतरी अडकलंय. ते तुमचा माल घेतात, इथं आणतात. बुडतो इथंच.’

२०२१ च्या अनुभवानंतर मी मोठ्या अभिमानाने दुसरा प्लेटिंगवाला जोडला होता. त्याच्यासाठी ग्राहकाकडून पीपीएपीची (पार्ट आणि तो बनवण्याची पद्धत तपासून दिली जाणारी) मंजुरी मिळवायला पाच महिने घालवले होते, नमुने दिले होते, ऑडिटही करून घेतले होते. कागदावर माझे दोन पुरवठादार होते आणि दोघांचे दर, बिले व जीएसटी क्रमांक वेगवेगळे होते. प्रत्यक्षात माझा सगळा माल एकाच शेडमधल्या, एकाच रेक्टिफायरवर (टाकीला वीज देणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या टाकीत बुडत होता. तेथे एका रात्री आग लागली असती तर काही दिवसांतच माझे सगळे पार्ट आणि त्यामागे चाकणची जोडणी थांबली असती, आणि प्रत्येक जण आपल्याजवळील यादी दाखवून सांगत राहिला असता की दोन पुरवठादार होते. नाका येथील आगीच्या बातमीत मी प्लेटिंग या शब्दापाशी का थबकलो होतो ते मला त्या शेडमध्ये उमगले. मनात शंका होती, फक्त तेथे जाऊन पाहिले नव्हते. दुसऱ्या प्लेटिंगवाल्यावर मी चिडलो, परंतु फार काळ चिडून राहता आले नाही. त्याने जे केले तेच मीही दोनदा केले आहे. व्हीएमसी बंद पडल्यावर मी शेजारच्या गाळ्यातून काम करून घेतले होते आणि ग्राहकाला कळवले नव्हते. कळवले असते तर नवी मंजुरी, नवे नमुने आणि तोपर्यंत शेड्यूल चुकल्याचा दंड. खरे सांगणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला वेळेवर पैसे, अशी ही व्यवस्था असल्यामुळे साखळीचा खरा नकाशा वरच्या माणसाला कधीच दिसत नाही. पर्चेस विभागातील तरुण मंडळी दरवर्षी जोखमीची प्रश्नावली पाठवतात, आम्ही ‘होय’ आणि ‘नाही’ यांवर खुणा करून ती परत करतो, आणि दोन्ही बाजूंचे समाधान होते.

या सगळ्याचे सर्वांत मोठे रूप २०२५ मध्ये दिसले, आणि त्याचा पुण्याशी धागा आहे, कारण जग्वार लँड रोव्हरची मालकी त्या वेळी टाटा मोटर्सकडे होती. ३१ ऑगस्टच्या सुमारास त्या कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला. तिने आपल्या व्यवस्था स्वतःच बंद केल्या, आणि १ सप्टेंबरपासून सॉलिहल, हेलवुड आणि वुल्व्हरहॅम्प्टन येथील उत्पादन थांबले ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबरला गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटचा काळ सुरू होतो आणि विक्री जोरात असते, म्हणजे ऐन हंगामात दुकानाला कुलूप लागले. तेथील सायबर मॉनिटरिंग सेंटरने एकूण नुकसानीचा अंदाज सुमारे १.९ अब्ज पौंड दिला आणि ५,००० हून अधिक संस्थांना झळ पोहोचल्याचे म्हटले. कोजिमाच्या वेळी लहानाने मोठ्याला थांबवले होते. येथे मोठा थांबला आणि लहान बुडू लागले. ब्रिटिश सरकारने १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली, पण ते कर्ज मोठ्या कंपनीचे होते. पुरवठादारांना आगाऊ पैसे देण्याची योजना कंपनीने जाहीर केली तेव्हा उत्पादन थांबून महिना उलटला होता. महिनाभर बिल न काढता पगार देऊ शकेल असा कारखाना आमच्या ब्लॉकमध्ये मला तरी एकही माहीत नाही, माझा तर नाहीच.

माणसाच्या व्यक्तिगत व्यवहारातही हीच रचना असते, फक्त तिला आपण साखळी म्हणत नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाल्याचे समोर आले आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले. त्यामुळे देशभरातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले व दुसऱ्या दिवशी सुरळीत झाले. महिनाअखेरीस पगाराची वाट पाहणाऱ्या खातेदाराने आपली बँक ओळखीची, गावातली म्हणून निवडलेली असते. तिच्यामागे उभ्या असलेल्या कंपनीचे नाव त्याने ऐकलेलेही नसते. माझेच उदाहरण घ्यायचे तर बँकेचा ओटीपी, जीएसटीचा ओटीपी, ई-वे बिल आणि गाळ्याच्या कॅमेऱ्याचे चित्र हे सारे एकाच सिमकार्डावर लटकलेले होते. फोन हरवल्यावर नवे सिम सुरू होईपर्यंत दीड दिवस मी माझ्याच धंद्याचा परका माणूस होतो.

आता आमच्याकडे काय बदलले, तर फार काही नाही, कारण बदलाला पैसे लागतात. बॅकअपच्या दोन डिस्क आहेत, त्यांपैकी एक दर शनिवारी माझ्याबरोबर घरी येते आणि जोडलेली कधीच राहत नाही. तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरून एक जुने बिल खरोखर उघडून पाहतो, कारण न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवण्याची चूक एकदा पुरे. सॉफ्टवेअरवाल्याचे दार आता फक्त फोन आल्यावर उघडते, आणि त्यामुळे तो वैतागतो. जॉबवर्कचे चलन संगणकावर बनते, शिवाय त्याची कार्बन प्रत हिरव्या फाइलमध्ये लागते. सेटरची डायरी त्यांच्याकडेच आहे. मी फक्त तिच्या पानांचे फोटो काढून घेतले. दहा दिवसांच्या साठ्याचे पंधरा दिवस करण्याचा विचार बँकेच्या व्याजाशी ताडून पाहिला आणि सोडून दिला.

प्लेटिंगसाठी मात्र तिसरा माणूस शोधला आहे, चाकणच्या बाजूचा. त्याची टाकी मी स्वतः पाहिली, तिच्यातले पाणी हलताना पाहिले, आणि रेक्टिफायर कोणाच्या मालकीचा आहे हेही विचारले. नमुन्याचे नग सध्या सॉल्ट स्प्रेच्या, म्हणजे मिठाच्या फवाऱ्याने गंज तपासण्याच्या, पेटीत आहेत. पांढरा गंज ९६ तासांपर्यंत दिसला नाही तर मंजुरीचा अर्ज पुढे जाईल. त्या अर्जात उपपुरवठादाराचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि दर यांसाठी रकाने आहेत, परंतु माल प्रत्यक्ष कोठे बुडणार यासाठी नाही. तो पत्ता मी शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात पेनाने लिहिला आहे.